माळ्यावरची पुस्तकं आधी खाली काढा

*ताई, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून लिहिते. मुलगी अकरावीला आहे, सायन्सला. तिला आर्ट्सला जायचं होतं, पण दहावीला मार्क चांगले पडले म्हणून आम्ही सायन्स घ्यायला लावलं. गेलं वर्षभर ती एकाच तऱ्हेची इंग्रजी पुस्तकं वाचते. जग उद्ध्वस्त, सरकार जुलमी, मुलंच मुलांना मारतात. परवा जेवताना म्हणाली, "आई, पुढे सगळं असंच होणार आहे." माझा घास घशातच अडकला. दुसऱ्या दिवशी ती पुस्तकं मी माळ्यावर गणपतीवरच्या माटोळीच्या लाकडांमागे लपवली. तिला ते कळलंय, पण ती बोलत नाही. यजमानांचा ट्रक खाणीवर होता. खाणी बंद पडल्या तेव्हा आम्ही पुष्कळ सोसलं. मुलीने तरी आनंदी काही वाचावं असं वाटतं, हे चूक आहे का? सासरे ऐंशीच्या पुढचे आहेत. ते म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं.*

ताई, लेकीने आनंदी काही वाचावं असं आईला वाटणं चूक कसं असेल? पण पुस्तकं आजच खाली काढा आणि तिच्या हातात द्या. गुपचूप टेबलावर ठेवून देऊ नका. "मी घाबरले म्हणून लपवली," एवढं सांगितलंत तरी पुरे. अशा पुस्तकांतली मोठी माणसं हेच करत असतात, मुलांच्या भल्यासाठी म्हणून त्यांच्यापासून गोष्टी दडवतात. तुम्ही त्यांच्या रांगेत जाऊन बसू नये, असं मला फार वाटतं.

"मुलंच मुलांना मारतात" या तुमच्या वाक्यावरून, त्यांतलं एक पुस्तक सुझॅन कॉलिन्स यांचं 'द हंगर गेम्स' असणार. २००८ साली आलं. एक राजधानी चैनीत लोळते आणि बारा जिल्हे राबून तिला पोसतात. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात, एकच जिवंत उरेपर्यंत त्यांना लढवतात आणि ते सगळं टीव्हीवर दाखवतात. बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीची चिठ्ठी निघते, तेव्हा सोळा वर्षांची कॅटनिस तिच्या जागी स्वतः पुढे होते. कुठलीही आई हे ऐकून दचकेल. पण ही कॅटनिस राहते कुठे, ठाऊक आहे? बाराव्या जिल्ह्यात, कोळशाच्या खाणींवर. तिचे वडील खाणीतल्या स्फोटात गेलेले. माल काढायचा यांनी, झगमगाट राजधानीत, आणि यांच्या घरी चूल पेटायची मारामार.

तुमची मुलगी खाणपट्ट्यात वाढली. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ती अगदी लहान असेल. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा बंद पडल्या तेव्हा ती शाळेत जात असणार. निकाल बरोबर की चूक, त्यात मी शिरत नाही. दारात उभा राहिलेला ट्रक, कर्जाचे हप्ते, रात्री दिवा मालवल्यावर दबक्या आवाजात चाललेली तुम्हा दोघांची बोलणी, हे सगळं मुलांच्या कानावर पडत असतं. त्यांना विचारता तेवढं येत नाही. दूर कुठेतरी कोणी काही ठरवतं आणि आपल्या ताटातलं कमी होतं, हे तिने पुस्तकाच्या आधी घरात पाहिलं असेल. पुस्तकात तिला तिच्याच वयाची, खाणीवरचीच एक मुलगी भेटली, आणि ती मुलगी नुसती सोसत बसत नाही. मला तरी तिच्या वाचण्याचं कारण इथे दिसतं.

या वयात न्याय-अन्यायाची भूक मोठी असते. मोठे बोलतात एक आणि करतात दुसरंच, हे पहिल्यांदा लख्ख दिसू लागतं. या कादंबऱ्या मुलांना म्हणतात, तुला दिसतंय ते खरं आहे, आणि तू काय करतेस याला किंमत आहे. आपल्याकडे सोळा वर्षांच्या मुलीला असं कोण सांगतं?

वाचून मुलं खचतात, असंही सरसकट नाही. कॅटनिसची तीन बोटं उंचावण्याची खूण २०१४ च्या लष्करी उठावानंतर थायलंडमधल्या विद्यार्थ्यांनी निषेधासाठी उचलली. त्यापायी काहींना पोलिसांनी ताब्यातही घेतलं. २०२१ मध्ये म्यानमारच्या तरुणांनीही तीच खूण केली. हरलेली माणसं रस्त्यावर येत नाहीत.

म्हणून "सगळं असंच होणार" असं ती पुन्हा म्हणाली, तर "असं अभद्र बोलू नये" म्हणून तिला गप्प करू नका. "कशावरून गं?" असं विचारा आणि ती सांगेल ते पूर्ण होऊ द्या. तुम्हाला इंग्रजी जड जात असेल तर रोज रात्री भांडी आवरताना तिलाच गोष्ट सांगायला लावा. भीती वाटते ते मोठ्याने सांगायला माणूस मिळालं, की निम्मी उतरते.

आणि सासऱ्यांना माझा नमस्कार सांगून म्हणावं, "आमच्या वेळी असलं नव्हतं" हे काही मला पटलं नाही. ऐंशीच्या पुढचे म्हणजे १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा ते चांगले जाणते असणार. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात वर्तमानपत्र छापण्याआधी तपासलं जाई. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जाई! बिनपरवानगी सभा घ्यायची नाही. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया ती बंदी मोडून बोलायला उभे राहिले, तर त्यांना तिथेच पकडलं. कितीजण आग्वादच्या तुरुंगात गेले, काहींना पार पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबलं. नात ज्या राज्याबद्दल डोळे फाडून वाचते, तशा एका राज्यात आजोबा वाढले आहेत, आणि ते राज्य गेलेलंही त्यांनी पाहिलं आहे. हे तिला त्यांच्या तोंडून ऐकू दे. पुढे-मागे दोघांना घेऊन आग्वादला जा, तुरुंगाचं आता संग्रहालय झालं आहे. आणि लोइस लोरी यांचं १९९३ चं 'द गिव्हर' मिळालं तर तिला आणून द्या. दुःख नको म्हणून सगळ्या आठवणी पुसून टाकलेला एक समाज, त्या आठवणी एकट्याने सांभाळणारा म्हातारा, आणि त्याच्याकडून त्या घेणारा बारा वर्षांचा मुलगा. नात आणि आजोबांनी मिळून बोलावं असंच आहे ते.

मात्र झोप उडाली, जेवण सुटलं, मैत्रिणी तुटल्या, पुस्तकांतही मन लागेना, किंवा जगण्यात अर्थ नाही असं ती स्वतःबद्दल बोलू लागली, तर दिवस घालवू नका. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मदत-नंबर फुकट आहे, तिथे तुम्हीही बोलू शकता. तुमच्या पत्रात तसं काही मला दिसलं नाही.

मला दिसलं ते दुसरंच. सायन्सचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. व्हेरॉनिका रॉथ यांची 'डायव्हर्जंट' नावाची २०११ ची कादंबरी याच जातीची आहे. तिच्यात सोळाव्या वर्षी प्रत्येकाला पाचांतला एक गट जन्मभरासाठी निवडावा लागतो, आणि नायिका कुठल्याच एका गटात नीट बसत नाही. तिथे निदान मुलं स्वतः निवडतात, ताई. तुमच्याकडे निवड तुम्ही केलीत. पुस्तकं परत दिल्यावर दोन-चार दिवसांनी, यजमानांनाही जवळ बसवून, तिला विचारा की सायन्स कसं चाललंय आणि अजूनही आर्ट्सला जावंसं वाटतं का. हो म्हणाली, तर तिला सोबत घेऊन हायर सेकंडरीत जा आणि बदल कसा नि कधी करता येईल, ते तिच्यासमोर विचारा.