तीनला केलेले गोल

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

परवा शाळेने पालकांसाठी पाठवलेली, प्रत्येक प्रश्नापुढे १ ते ५ पैकी एका आकड्याला गोल करायची प्रश्नावली तू माझ्या टेबलावर पाहिलीस आणि विचारलेस, "बाबा, वीसपैकी सतरा ठिकाणी ३? तुला कशाचंच काही वाटत नाही का?" मी हसून वेळ मारून नेली, पण ते वाक्य लागले, म्हणून लिहितो आहे.

१९८१ च्या जनगणनेचे गुरुजी वाईच्या आपल्या घरी आले, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आप्पा ओसरीवर त्यांच्यासमोर बसले होते आणि आजी माजघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. "बाई काही काम करतात?" या प्रश्नावर ती म्हणाली, "नाही, घरीच असते." त्याच वेळी परसात तिने ऑर्डरीचे लाटलेले पापड वाळत पडले होते आणि त्यांच्यावरचे कावळे हाकायचे सोडून मी दाराआडून हे ऐकत होतो. ती खोटे बोलली नाही. काम म्हणजे आप्पांची नोकरी, असेच ती धरून चालली होती. पुढे १९९१ च्या जनगणनेत शेतातले किंवा घरच्या धंद्यातले बिनपगारी कामही धरावे, असे प्रश्नातच लिहावे लागले, ते अशाच घरोघरच्या उत्तरांमुळे.

आमच्याकडे कोणी खुशाली विचारली, तर "बरं चाललंय" एवढेच सांगायचे असे. फार छान म्हटले तर दृष्ट लागायची आणि वाईट म्हटले तर घरातले चव्हाट्यावर यायचे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपान, तैवान, कॅनडा आणि अमेरिकेतील विद्यार्थ्यांची उत्तरे ताडून पाहिली होती. जपानी आणि तैवानी मुले मधल्या आकड्याकडे अधिक झुकत, तर अमेरिकी मुले टोकाच्या. फरक मात्र लहानच होते, आणि त्यात मराठी मुले नव्हती, तेव्हा मी त्याच्या फार आड लपू नये हे बरे.

शिवाय तुझा नानाकाका त्याच ओसरीवर वाढला, आणि हॉटेलातल्या अभिप्रायाच्या कागदावर तो १ नाहीतर ५ याखेरीज आकडा लिहीत नाही. म्हणजे माझ्या ३ मध्ये वाईपेक्षा माझा भिडस्त स्वभावच जास्त असावा. काही प्रश्न मात्र खरेच अडवतात. "तुमच्या घरी शिस्त आहे का?" कोणाच्या मानाने? आप्पांच्या मानाने आपले घर ही धर्मशाळा आहे, तुझ्या मैत्रिणींच्या घरांच्या मानाने लष्करी छावणी.

तू माझ्यासारखी उत्तरे द्यावीस, असे मी म्हणत नाही. फक्त सातवा प्रश्न पुन्हा एकदा उजेडात धरून बघ: "माझे मूल या शाळेत आनंदात आहे." तिथे मी आधी पेन्सिलीने ५ ला गोल केला होता. मग खोडला. कागदावर खूण अजून दिसते.

तुझा,
बाबा