सभागृहातला आवाज घुमतो, काय करावे?

प्रश्न : नौपाड्यातील आमच्या सोसायटीचे सभागृह १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. सकाळी तेथे मुलांची अभ्यासिका भरते आणि संध्याकाळी व्याख्याने होतात. परंतु आवाज इतका घुमतो की मागच्या रांगेला शब्द कळत नाहीत. मोठे स्पीकर घ्यावेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कृपया घेऊ नका, आवाज वाढवला की घुमणेही वाढते. गुळगुळीत लाद्या, काचा आणि रंगवलेल्या भिंती बहुतेक ध्वनी परत पाठवतात, त्यामुळे एका अक्षराचा निनाद विरण्याआधीच पुढचे अक्षर त्यावर येऊन पडते. ध्वनिशास्त्रज्ञ सॅबिन यांच्या सूत्रानुसार खोलीच्या घनफळाला ०.१६१ ने गुणून एकूण ध्वनिशोषणाने भागले की निनादकाळ, म्हणजे आवाज थांबल्यावर त्याचा निनाद विरायला लागणारा वेळ, मिळतो. तुमच्या १८० घनमीटर सभागृहात तो ०.८ सेकंदावर आणायचा, तर सुमारे ३६ चौरस मीटर इतके शोषण हवे, म्हणजे सगळा ध्वनी शोषणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतके. त्यातील काही भाग श्रोते स्वतःच भरून काढतात. उरलेल्यासाठी ५० मिलिमीटर जाडीचे, कापडाने मढवलेले ग्लासवूलचे (काचेच्या तंतूंच्या लोकरीचे) पॅनेल छताला आणि मागच्या भिंतीला, मागे थोडी पोकळी सोडून लावावेत. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत मात्र टाळावी, कारण भिजलेले ग्लासवूल निकामी होते. अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. बोलण्यातील खालच्या पट्टीचे स्वर ते जवळपास शोषतच नाहीत.