लहान स्वयंपाकघरात भांडी ठेवण्यासाठी स्टीलची मांडणी घ्यावी की ओट्याखाली ट्रॉली करून घ्याव्यात?

आठ फूट बाय सहा फुटांच्या स्वयंपाकघरात चौघांची भांडी बसवायची आहेत आणि खर्च एकदाच करायचा आहे, असे आपण लिहिले आहे. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. ताटे, वाट्या आणि पेले यांच्यासाठी मांडणी घ्यावी, जड भांड्यांसाठी ओट्याखाली उघडी कडाप्प्याची फळी ठेवावी आणि ट्रॉली करायचीच असेल तर चमचे, झारे, डाव यांच्यापुरती एकच करावी, असे माझे मत आहे.

ट्रॉलींविषयी माझे मन कलुषित आहे, हे आधीच सांगतो. आमच्याकडे ज्यांनी काम केले त्यांनी प्लायऐवजी भुशाचा दाबलेला बोर्ड वापरला. सिंकखालचा पाइप दोनच महिने ठिबकत होता, पण तेवढ्यात तो बोर्ड पावासारखा फुगला. शिवाय सर्वांत खालच्या ट्रॉलीत पाच लिटरचा कुकर, बिडाचा तवा आणि खलबत्ता एकत्र ठेवल्याने तिचे चॅनेल वाकले आणि ती ओढताना प्रत्येक वेळी गुडघा लावावा लागे.

मात्र जागा अपुरी पडण्याचे खरे कारण बहुधा फर्निचर नसून रचना असते. पूर्वी घरात मडक्यांची उतरंड असे. तिच्यात क्वचित लागणारे जिन्नस असत, त्यामुळे तळातल्या मडक्यापर्यंत पोहोचायला वरची सगळी उतरवावी लागली तरी बिघडत नसे. आपण मात्र रोजची पातेलीही एकात एक घालून ठेवतो, आणि सकाळी सहा वाजता दूध तापवायला नेमके सर्वांत बाहेरचे हवे असते. म्हणून रोजचे कोणतेही भांडे काढताना दुसरे एकापेक्षा अधिक भांडे हलवावे लागू नये, एवढा एकच नियम मी पाळतो. तो लावून पाहिला तेव्हा आमच्या अकरा पातेल्यांपैकी आठवड्यात फक्त पाच वापरात येतात असे दिसले; उरलेली सहा माळ्यावर गेली आणि ओट्याखालची फळी अर्धी मोकळी झाली.

झाकण्यांचा प्रश्न पातेल्यांपेक्षा अवघड असतो, कारण त्या एकमेकींवर रचल्या की घसरतात आणि रात्री घर जागे करतात. मांडणीत ताटे उभी ठेवण्याच्या ज्या खाचा असतात, त्यांतल्या शेवटच्या पाच-सहा झाकण्यांसाठी राखून ठेवाव्यात.

धातूंप्रमाणे काही पथ्ये आहेत. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यातल्या दमट हवेत लोखंडी कढई नुसती पुसून ठेवणे पुरत नाही; ती मिनिटभर गॅसवर ठेवून पाणी पूर्ण उडवावे, तेलाचा हात फिरवावा आणि ती स्टीलच्या ओल्या भांड्यांपासून दूर ठेवावी. कुकरचे झाकण बंद करून ठेवू नये. रिंग काढून झाकण उलटे टेकवले की आत कुबट वास धरत नाही आणि रिंगही दबून राहत नाही. पितळेची भांडी एकात एक घालताना मध्ये जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घालावा, कारण कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर आणि कथील मऊ धातू. घासून तो थर निघाला की पुढच्या वेळी त्यात केलेली आंबट आमटी कळकते. नॉनस्टिक तव्यालाही असाच कापडाचा तुकडा पुरतो.

मांडणी शेगडीच्या वर लावू नये, कारण फोडणीची वाफ बसून आठवड्याभरात ताटांना चिकटपणा येतो. सिंकच्या वर लावली तर निथळणारे पाणी सिंकमध्येच पडते आणि ओटा वारंवार पुसावा लागत नाही. जुन्या इमारतीत गिलावा भुसभुशीत असतो, तेव्हा स्क्रू नुसत्या गिलाव्यात न बसता विटेपर्यंत जाईल इतका लांब घ्यावा. भरलेल्या मांडणीचे वजन आपल्याला वाटते त्याहून बरेच अधिक असते. दुकानात जाताना घरातल्या सर्वांत मोठ्या ताटाचे माप घेऊन जावे. आम्ही ते केले नाही, त्यामुळे आमची परात आजही फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उभी असते.