३२ बिट लिनक्सवर फाइल सिस्टिमला मोठी फाइल चालते, तरी काही प्रोग्रॅम २ जीबीलाच का अडतात?

जुन्या ३२ बिट लिनक्स सर्व्हरवर कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि फाइल सिस्टिम दोन्हींना मोठ्या फायली चालत असताना बॅकअपचा जुना प्रोग्रॅम नेमका २१४७४८३६४७ बाइटांवर का थांबतो, आणि त्याच डिस्कवर ‘सीपी’ ही नक्कल करणारी आज्ञा ती मर्यादा सहज कशी ओलांडते, असे आपण विचारले आहे. कारण त्या आकड्यातच आहे. चिन्हासह ३२ बिटांत मावणारी ती सर्वांत मोठी पूर्णांक संख्या होय. युनिक्समध्ये फाइलमधील स्थान ‘ऑफ_टी’ या प्रकारात ठेवले जाते, आणि ३२ बिट यंत्रांवर तो असाच चिन्हांकित होता. फाइलमध्ये मागे सरकण्यासाठी ‘एलसीक’ या स्थान बदलणाऱ्या फंक्शनला ऋण अंतर द्यावे लागते आणि अपयश आल्यास ते उणे १ परत करते, म्हणून चिन्हाचा बिट वाचवता येण्यासारखा नव्हता.

ऑफ_टी एका रात्रीत ६४ बिटांचा केला असता, तर आधी कंपाइल झालेले प्रोग्रॅम मोडले असते. म्हणून युनिक्स विक्रेत्यांच्या लार्ज फाइल समिटने १९९६ मध्ये वेगळी वाट ठरवली. जुनी फंक्शने तशीच ठेवायची, त्यांच्या शेजारी ‘ओपन६४’, ‘एलसीक६४’ अशी नवी द्यायची, आणि ज्याला नवी हवी असतील त्याने कंपाइल करताना ‘_फाइल_ऑफसेट_बिट्स’ हा मॅक्रो (कंपायलरला दिलेली नावाची खूण) ६४ ठेवायचा. लिनक्सच्या ३२ बिट वापरकर्त्यांना ही सोय २.४ कर्नल आणि ग्लिबसी २.२ (लिनक्सची सी लायब्ररी) यांच्या जोडीने, म्हणजे साधारण २००१ पासून मिळाली. याचा अर्थ असा की मोठ्या फाइलची क्षमता प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतंत्रपणे मिळवायची असते; कर्नल बदलल्याने जुन्या बायनरीत (कंपाइल झालेल्या प्रोग्रॅममध्ये) ती येत नाही. ‘डब्ल्यूगेट’ या फायली उतरवणाऱ्या साधनासारख्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्येही ती २००५ च्या १.१० आवृत्तीत आली.

आपला प्रोग्रॅम फाइल उघडताना ‘ओ_लार्जफाइल’ हे निशाण देत नाही. त्यामुळे कर्नल त्याला आधीच मोठी असलेली फाइल ‘ईओव्हरफ्लो’ ही त्रुटी देऊन उघडू देत नाही, आणि लिहिता लिहिता सीमा आली की ‘ईएफबिग’ ही त्रुटी देऊन थांबवतो. हा नकार त्रासदायक वाटला तरी मला तो मोलाचा वाटतो. सोलारिस या युनिक्सच्या ‘लार्जफाइल’ या मॅन पानात (मदतपानात) यासाठी दोन वर्ग केलेले आहेत: मोठी फाइल छोटीसारखीच हाताळणारे प्रोग्रॅम, आणि ती हाताळता न आली तरी माहितीची हानी न करता रीतसर त्रुटी देणारे. प्रत्येक व्यवस्थापकाने आपल्या साधनांची अशीच वर्गवारी करून ठेवावी, असे माझे ठाम मत आहे, कारण खरा धोका या दोन्हींत न बसणाऱ्या तिसऱ्या प्रकाराचा आहे, जो काहीही न बोलता स्थान कापून टाकतो. ‘एफसीक’ आणि ‘एफटेल’ ही फंक्शने स्थानासाठी ‘लाँग’ हा प्रकार वापरतात, आणि ३२ बिट यंत्रांवर तो ३२ बिटांचाच असतो. म्हणून नुसता मॅक्रो लावून पुन्हा कंपाइल करणे पुरत नाही, त्यांच्या जागी ‘एफसीको’ आणि ‘एफटेलो’ आणावे लागतात. विंडोजवर तर ६४ बिट प्रोग्रॅममध्येही लाँग ३२ बिटांचाच असतो, त्यामुळे तिथे ही अडचण यंत्र बदलूनही जात नाही.

बॅकअपच्या बाबतीत फाइलच्या स्वरूपाकडेही पाहावे लागते. ‘टार’ संग्रहाच्या जुन्या ‘यूस्टार’ स्वरूपात फाइलच्या आकारासाठी अष्टमान पद्धतीचे ११ अंक आहेत, म्हणून आतील एक फाइल ८ जीबीपर्यंतच पोहोचते. मूळ झिपची मर्यादा ४ जीबी होती. झिप६४ ने ती २००१ मध्ये हटवली. जीझिप मूळ आकाराचे फक्त खालचे ३२ बिट नोंदवते, त्यामुळे ४ जीबीच्या पुढे आकार सांगणारी ‘जीझिप -एल’ ही आज्ञा चुकीचा आकार दाखवत असे आणि हे २०२२ मधील १.१२ आवृत्तीत सुधारले. आतील माहिती मात्र पहिल्यापासून शाबूत असे. शेवटी ती फाइल फॅट३२ च्या पेनड्राइव्हवर न्यायची असेल, तर ४ जीबीला एक बाइट कमी ही तिथली सीमा आहे.

आपण प्रथम ‘यूलिमिट -एफ’ (फाइलच्या आकारावर घातलेली मर्यादा दाखवणारी आज्ञा) पाहा, कारण कधी कधी मर्यादा तिथेच घातलेली असते. मग बायनरीवर ‘एनएम -डी’ (ती वापरत असलेल्या फंक्शनांची नावे दाखवणारी आज्ञा) चालवून ओपन६४ किंवा एफओपन६४ दिसते का ते तपासा. दिसले तरी २ जीबीच्या पुढे ओळखू येईल असा मजकूर असलेली फाइल बॅकअपमधून परत काढून तिचा चेकसम (मजकुरावरून काढलेली पडताळणी संख्या) मूळ फाइलशी ताडून पाहा. फक्त आकार जुळला म्हणून विश्वास ठेवू नका. सोर्स हाती असेल, तर ‘गेटकॉन्फ एलएफएस_सीफ्लॅग्ज’ सांगेल ते पर्याय देऊन पुन्हा कंपाइल करा. सोर्स नसेल आणि प्रोग्रॅम स्टँडर्ड आउटपुटवर सलग लिहू शकत असेल, तर ते पाइपने ‘स्प्लिट’कडे द्या आणि १ जीबीचे तुकडे करा, पाइपला फाइलसारखे स्थान नसल्याने ही सीमा तिथे आड येत नाही, आणि परत जोडण्यासाठी ‘कॅट’ पुरते.