‘याला कॅन्सर होणारच का?’

अल्बिनिझम म्हणजे त्वचा, केस आणि डोळ्यांत जन्मतःच रंग नसणं किंवा फार कमी असणं. अशा मुलामुलींचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बोलणं सुरू होतं डोळ्यांपासून. फळ्यावरचं दिसत नाही, उजेडात डोळे उघडवत नाहीत, बुबुळं सतत हलतात, वर्गात पोरं चिडवतात. कॅन्सरचा विषय निघतो तो बहुतेक वेळा उठता उठता, दाराशी. “एक विचारायचं राहिलंच...” असं म्हणून.

निखिलच्या आईंनी मात्र बसल्या बसल्या तेच काढलं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) निखिल 19 वर्षांचा, शेजारी मान खाली घालून बसलेला. “अशा माणसांना त्वचेचा कॅन्सर होतोच, असं मी वाचलंय. मग निदान उशिरा तरी व्हावा, म्हणून मी याला उन्हात सोडत नाही. आणि हा चोरून फुटबॉल खेळायला जातो.”

त्यांनी वाचलं होतं ते खोटं नव्हतं. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत अल्बिनिझमचं प्रमाण जास्त, ऊन कडक, कामं उघड्यावरची आणि सनस्क्रीन हाताशी नाही. तिथे ऐन विशीतिशीत त्वचेचा कॅन्सर झालेले आणि गाठ फार वाढल्यावर दवाखान्यात पोचलेले रुग्ण बरेच असतात. पण ही गोष्ट संरक्षण न मिळालेल्या त्वचेची आहे. अल्बिनिझममध्ये रंग तयार करणाऱ्या पेशी इतरांइतक्याच असतात, फक्त त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवत नाहीत किंवा फारच थोडं बनवतात. त्यामुळे अतिनील किरण थेट त्वचेच्या पेशींतल्या डीएनएपर्यंत पोचतात, आणि ती इजा वर्षानुवर्षं साठत जाते. धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त, हे खरंच. पण तो ठरतो अंगावर किती ऊन पडलं यावर, आणि ते आपल्याला कमी करता येतं. ‘होणारच’ हा शब्द म्हणूनच मी कुणाला वापरू देत नाही.

हे सगळं आईंनी ऐकून घेतलं. पटलं असं काही दिसलं नाही. मग मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. एकोणीस वर्षांच्या मुलाशी त्याच्या आईसमोर जे बोलणं होतं, त्याला मी अर्धंच बोलणं धरते.

दार लागल्यावर निखिलने टोपी काढली आणि डाव्या कानाच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे डाळीएवढा खरखरीत डाग होता. खपली धरायची, निघायची, पुन्हा धरायची. कित्येक महिने हे चाललं होतं.

“घरी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर फुटबॉल कायमचा बंद झाला असता, मॅडम.”

माझ्या मते या दुखण्यात सगळ्यात मोठा धोका हाच, आणि तो आपणच तयार करतो. या मंडळींमध्ये जास्त करून दिसणारा त्वचेचा कॅन्सर, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, लहान असताना सापडला, तर बहुतेकदा छोट्या शस्त्रक्रियेवर भागतं. तोच राहू दिला तर खोल उतरतो, मानेतल्या गाठींपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे लवकर सांगण्यावर सगळं अवलंबून. आणि घरात मात्र सांगणाऱ्यालाच शिक्षा!

मी समुपदेशक आहे, डाग बघून निदान करणं माझं काम नाही. त्याच आठवड्यात त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. जाण्याआधी एक मात्र विचारलं : नाकातून वारंवार रक्त येतं का, थोडं लागलं तरी अंगावर काळंनिळं होतं का? अल्बिनिझमचा हर्मान्स्की-पुडलाक नावाचा एक दुर्मीळ प्रकार आहे, त्यात रक्त लवकर थांबत नाही. बायोप्सीच्या आधी हे डॉक्टरांना माहीत असलेलं बरं. निखिलला तसं काही नव्हतं.

डाग निघाला ॲक्टिनिक केराटोसिस, म्हणजे उन्हाच्या इजेने येणारा खरखरीत डाग. हा कॅन्सर नव्हे, पण असे काही डाग पुढे त्या वाटेला जातात, म्हणून सोडून देत नाहीत. द्रव नायट्रोजनने तो गोठवला, खपली पडली, कान बरा झाला.

पुढच्या भेटीत आई म्हणाल्या, “बघा, मी सांगत होते तेच ना? आता तरी याला समजवा.” निखिल लगेच उठायला लागला. खरं काम तिथून सुरू झालं.

आधी मी त्याला विचारलं की सनस्क्रीन क्रीम किती लावतोस. त्याने बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढं दाखवलं. एसपीएफ 50ची बाटली असली तरी इतक्याशा क्रीमने 50चं संरक्षण मिळत नाही. चेहरा आणि मान यांना तर्जनी आणि मधलं बोट अशी दोन बोटं भरतील एवढं क्रीम लागतं, आणि दर दोन तासांनी किंवा घाम पुसला की पुन्हा. कान, मानेची मागची बाजू आणि खालचा ओठ या जागा सगळेच विसरतात. पुढे झाप असलेल्या टोपीने कान उघडेच राहतात, निखिलचा राहिलाच होता. पातळ सुती टीशर्ट घामाने भिजला की त्यातून किरण आणखी आत शिरतात, तेव्हा घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा कपडा हवा. मोबाइलवर हवामानाबरोबर यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरण किती तीव्र आहेत तो आकडा, दिसतो. तो 3 किंवा वर असला की ढग असोत नसोत, संरक्षण हवंच. गाडीच्या काचेतूनही अतिनील किरणांतले यूव्हीए किरण येतात. हे ऐकून आईच चमकल्या, कारण त्या त्याला मुद्दाम खिडकीशी बसवत होत्या.

सराव सकाळी लवकर किंवा चारनंतर हलवता येईल का, हे निखिलने स्वतः प्रशिक्षकांना विचारायचं ठरलं. त्यांनी वेळ बदलली. विचारलंच नव्हतं कुणी आजवर.

त्वचा तपासण्याचा मुद्दा जरा अवघड होता. महिन्यातून एकदा आरशात अंग बघा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ज्याला आरशातला स्वतःचा कान नीट दिसत नाही त्याने काय करायचं? खरखरीत डाग डोळ्यांआधी बोटांना लागतो. म्हणून आंघोळीनंतर बोटं फिरवायची, आणि शंका आली तर फोनवर फोटो काढून मोठा करून बघायचा. पाठ बहिणीने बघायची. ‘काळ्या तिळावर लक्ष ठेवा’ हा नेहमीचा सल्ला इथे फसवा आहे. मेलॅनोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, यांच्यात क्वचित होतो, पण झाला तर तो बिनरंगी, गुलाबीसर असू शकतो. चार आठवड्यांत न भरणारी जखम, वाढणारी गाठ, सहज रक्त येणारी जागा दिसली की डॉक्टरांना दाखवायचं. शिवाय काही नसलं तरी दर सहा महिन्यांनी तपासणी.

आईंकडून मला एकच वचन हवं होतं : त्याने काही दाखवलं, तर त्या दिवशी खेळाचं नाव काढायचं नाही. ते द्यायला त्यांना फार जड गेलं. बोलता बोलता कळलं की त्या इतकी वर्षं हे सगळं स्वतःच्या माथी घेऊन बसल्या होत्या. गरोदरपणात काय खाल्लं, काय बघितलं, इथपर्यंत. अल्बिनिझमच्या बहुतेक प्रकारांत आई आणि वडील दोघांकडेही एकाच जनुकाची बदललेली प्रत असते, त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो, आणि प्रत्येक गरोदरपणी मूल अल्बिनिझम घेऊन येण्याची शक्यता चारात एक. यात कुणी काही केलेलं नसतं. हे त्यांना याआधी कुणी सांगितलंच नव्हतं. वचन त्यांनी त्यानंतर दिलं.

काही महिन्यांनी निखिलच्या कपाळावर एक लालसर उंचवटा आला. या वेळी त्याने तो आईला दुसऱ्याच दिवशी दाखवला. त्यांनी डॉक्टरांची वेळ घेतली आणि फुटबॉलबद्दल चकार शब्द काढला नाही. पुटकुळी होती ती.