तंबू द्या, पण एफडी मोडू नका

बेळगावातल्या टिळकवाडीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ट्रेकिंगचं सामान हौसेने जमवलं, आता दर शनिवारी कुणीतरी 'दे की रे, एका रात्रीचंच' म्हणत घेऊन जातं. परवा जांबोटीहून तंबू ओला आणि फाटका परत आला. तर ३०,००० रुपयांची एफडी मोडून आणखी दोन तंबू, चार स्लीपिंग बॅगा घ्याव्यात आणि भाड्यानेच द्याव्यात का?

नको. ९,००० चा तंबू परक्या हातात साठेक रात्री टिकेल असं धरू. म्हणजे रात्रीला १५० ची झीज. ३,००० च्या बॅगेची ५०. भाडं तंबूला ३००, बॅगेला १०० ठेवलं आणि खानापूरकडचा पावसाळा वगळून वर्षाला बारा शनिवार सगळं सामान बाहेर गेलं, तर जमा १२,०००. झीज ६,०००, धुणं-दुरुस्ती २,०००, उरले ४,०००. सात टक्क्यांची एफडी बसल्या जागी २,१०० देते. आणि शनिवार सहाच मिळाले, तर हातात २,००० म्हणजे एफडीपेक्षाही कमी. शिवाय दर सोमवारी गच्चीवर तंबू वाळत घालायचा तो तुम्हीच.

आहे ते सामान द्यायला हरकत नाही, पण फुकट नको. मित्राकडून नफा घ्यायला जीभ रेटत नसेल तर नुसती झीज घ्या, तंबूचे १५०. वर २,००० डिपॉझिट, आणि नेताना-आणताना त्याच्यासमोरच तंबू उघडून फोटो. ओला तंबू तसाच गुंडाळून ठेवला की त्याला बुरशी धरते; ते डाग काही दिवसांनी दिसतात, म्हणून डिपॉझिट लगेच परत करू नका. कुठे चाललात तेही विचारा. भीमगड अभयारण्यात विनापरवाना मुक्काम केला तर वनखातं सामान जप्त करू शकतं, आणि तंबू तुमचा असतो. भाड्याचे पैसे आयकराच्या रिटर्नमध्ये दाखवा, रक्कम छोटी असली तरी.

चढाईचा दोर मात्र कुणालाच देऊ नका, सख्ख्या भावालाही. त्यावर किती झटके बसले, डिकीत बॅटरीचं ॲसिड लागलं का, हे वरून कळत नाही. दिलाच असेल तर परत आल्यावर कपडे वाळत घालायला वापरा.