प्रिन्सिपे बेटावरचं छोटं घुबड २०२२ पर्यंत कुणालाच कसं दिसलं नाही?

कुणालाच दिसलं नाही, हे साफ चूक आहे. पोपटाची पिलं काढायला झाडावर चढणाऱ्यांना ते ढोलीत दिसलं होतं आणि १९९८ मध्येच त्यांनी तसं सांगितलंही होतं. संशोधकांच्या नजरेला ते पडलं २०१६ ला, शास्त्रीय नाव मिळालं २०२२ ला.

मला हे झोंबतं, कारण आमच्या आबांचं हेच झालं. परभणीकडं आमचा आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती, आहे, कडेला जुने आंबे. उन्हाळ्यात रात्री आंब्यातून 'वुक्' असा आवाज यायचा. थोडं थांबून परत 'वुक्', कुणी दबक्या आवाजात काही विचारावं तसा. आबा सांगायचे, ते शिंगंवालं घुबड आहे, लहान असतं. मी शाळेत सांगितलं तर गुरुजी भर वर्गात म्हणाले, "बेडूक आहे तो. बापाला म्हणावं, घुबड केवढं असतं ते आधी बघ." पोरं हसली. मी रडतच घरी आलो.

आबा एवढंच बोलले, "हिरीत थेंब नाही, बेडूक कुठून येईन?" रात्री त्यांनी मला आंब्याखाली नेलं. बॅटरीच्या उजेडात खोडालगतच्या फांदीवर वीतभर पाखरू ताठ बसलेलं. पिसं हुबेहूब सालीसारखी, डोक्यावर दोन शेंड्या, डोळे काळपट. आबांनी लगेच बॅटरी बंद केली. "डोळे दिपतेत त्याचे."

गुरुजींनी तेही मानलं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी मी भारतीय शिंगळा घुबडाचं रेकॉर्डिंग ऐकलं, तोच आवाज! तेव्हा आबा नव्हते.

प्रिन्सिपेचं घुबडही त्याच 'ओटस' वंशातलं. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात हे बेट आहे. बेटाच्या दक्षिण भागात वस्ती नाही, तिथल्या जेमतेम १५ चौरस किलोमीटर जुन्या रानात हा पक्षी राहतो, संख्या हजार ते दीड हजार. त्यात निशाचर, म्हणून उशीर लागला असं म्हणा हवं तर. पण त्याचं नाव 'ओटस बिकेगिला' आहे, ते बघा. पूर्वी पोपट पकडणारे आणि आता तिथल्या उद्यानाचे रक्षक असलेले सेसिलियानो दु बोम जेझुस, त्यांचं 'बिकेगिला' हे टोपणनाव. झाडावर चढणाऱ्याचं नाव पक्ष्याला दिलं!

तुम्हाला पक्षी शोधायचे असतील तर आधी रात्री आखाड्यावर झोपणाऱ्याला विचारा. त्याचंही चुकू शकतं, म्हणून आवाज मोबाईलवर घ्या. आणि गुरुजींचा कान अगदीच खोटा नव्हता, शिंगळ्याचा आवाज बेडकासारखा असतो असं पुस्तकांतही आहे. पण आखाडा शाळेपासून हाकेवर होता. एक रात्र येऊन बघायला काय जात होतं?